स्टँडअप चालू आहे, क्रांती बसलीये

पलूसवरून एका मुलीचं पत्र आलंय. वय अठ्ठावीस, सांगलीत विश्रामबागला चौदा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. साखर कारखान्यांची उसाची बिलं, काट्यावरची वजनं, तोडणी-वाहतुकीचा हिशोब आणि दोन दूध संघ, एवढं त्यांचं काम. पत्र लांब आहे, मी कामापुरतं देते.

"ताई, चार वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून मी इथं आले तेव्हा ऑफिसात कसली पद्धतच नव्हती. मालक फोनवर सांगणार आणि आप्पा थेट कारखान्याच्या सर्व्हरवर जाऊन बदल करणार. आप्पा म्हणजे आमचे सिनिअर, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या काळापासूनचे. मी भांडून भांडून अजाईल आणलं, म्हणजे काम छोट्या तुकड्यांत करून दाखवत जायची पद्धत. भिंतीवर चिठ्ठ्यांचा बोर्ड, दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणजे कामाचा टप्पा, रोज सकाळी उभ्यानं छोटी मिटिंग म्हणजे स्टँडअप, शेवटी काय चुकलं ते बोलायचा रेट्रो. एकदा तर सगळ्यांसमोर आप्पांना म्हणाले की तुमचा काळ गेला आता. आणि मी जिंकले. आज काय आहे तर स्टँडअप म्हणजे मस्टरवर सही, स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं त्याचा अंदाज, मालक इन्क्रिमेंटला मोजतात म्हणून सगळे फुगवून सांगतात, रेट्रोला चहा-खारी होते आणि मुद्दे तेच. आप्पांनी टेबलाखाली जुनं मशीन ठेवलंय, दर पंधरवड्याला आमची बिलं त्यांच्या फॉक्सप्रोत चोरून ताळून बघतात, इतका आमच्यावर अविश्वास. त्यात दोन नवीन पोरं आलीत, म्हणतात स्प्रिंटबिंट जुनं झालं, एआयला सांगायचं, कोड तयार, तो बरोबर चालतो का ते तपासायच्या टेस्ट कशाला लिहायच्या. परवा त्यातला एक मला म्हणाला, मॅडम तुमचं मॉडेल आउटडेटेड आहे. ताई, मी चार वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते खोटंच होतं का? आता मी कुणाच्या बाजूनं उभी राहू, पोरांच्या का आप्पांच्या? राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे."

अगं, तो मेल ड्राफ्टमध्येच राहू दे, त्याच्याकडं शेवटी येऊ. आधी एक कबूल करते, पत्र वाचताना मी हसले, आणि तुला नाही, स्वतःलाच. "तुमचा काळ गेला" हे वाक्य मी पण बोललेय, १९९९ मध्ये, पुण्यात. आमच्या वेळी ऑब्जेक्टची लाट होती, म्हणजे प्रोग्रॅम छोट्या-छोट्या डब्यांत बांधायचा, त्या डब्याला क्लास म्हणायचं, जावा ही भाषा येऊन चारच वर्षं झालेली, आणि आम्ही चार पोरंपोरी असे पेटलेलो की व्याजाची साधी आकडेमोड पण पाच क्लासमध्ये वाटून टाकायचो, एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. ऑफिसात कोबॉल या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, अगं हे एका पानात होतंय की, मग एवढं कशाला? मी म्हणलं मॅडम, तुम्हाला नाही कळणार, तुमचा काळ गेला. दीड वर्षांनी व्याजाचा नियम बदलला तेव्हा कुठल्या क्लासमध्ये हात घालायचा ते मलाच कळेना, आणि रात्री अकरा वाजता त्याच बाईंनी कागदावर मांडून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर तुझी आजची अवस्था मला तोंडपाठ आहे. माझ्या हिशोबानं सॉफ्टवेअरमध्ये दहा-बारा वर्षांत एक तरी क्रांती होते, आणि तिचं वागणं खऱ्या क्रांतीसारखंच असतं. आधी सगळे त्रासलेले असतात, मग दहा-पंधरा जण कुठंतरी जमून चार ओळींचा जाहीरनामा काढतात, मग शत्रू कोण ते ठरतं, मग घोषणा, मग भक्त, मग दोन दिवसांच्या कोर्सची सर्टिफिकेटं, मग ज्यांनी सुरू केलं तेच डोक्याला हात लावतात की अरे हे काय करून ठेवलं. तू सध्या तिथं आहेस, डोक्याला हात लावायच्या स्टेजला. पहिल्यांदाच आलीस म्हणून तुला वाटतंय की संपलं सगळं.

जरा मागं जाऊ. तू गोटू लिहिलंयस का कधी, म्हणजे प्रोग्रॅमला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणारी आज्ञा? नसशीलच. आमच्या कॉलेजात एका गोटूला दोन मार्क कापायचे, का ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही. हे आलं कुठून तर मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा नावाच्या डच माणसाचं एक पत्र एका मासिकात छापून आलं, साधारण एवढंच की गोटू वापरलं की प्रोग्रॅम कुठून कुठं उड्या मारतोय ते वाचणाऱ्याच्या डोक्यात मावत नाही. त्यानं स्वतः मथळा दिलेला साधा, गोटूच्या विरोधातला एक मुद्दा अशा अर्थाचा. संपादक होता निकलाउस विर्थ, त्यानं तो बदलून गोटू घातक आहे असा ठोकून दिला. झालं! पुढं वर्षानुवर्षं दोन तट पडले, धर्मयुद्धासारखं. १९७४ मध्ये डोनाल्ड कनुथनं लांबलचक लेख लिहून दाखवलं की बाबांनो, काही ठिकाणी गोटूच बरं पडतं. आज बघ, जावामध्ये गोटू हा शब्द राखून ठेवलाय पण त्याचं काम काहीच नाही, बंद पडलेल्या चौकीसारखा नुसता उभा. आणि दुसरीकडं लिनक्स या मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, चूक झाल्यावर आवराआवर करायला सर्रास गोटू वापरतात, कुणाला पाप वाटत नाही. आणि आज एक तरी माणूस म्हणतो का की मी स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमर आहे, म्हणजे गोटू टाळून लिहिणारा? कुणी नाही. पण इफ, व्हाइल, फंक्शन, सगळे तसंच लिहितात, तुझे आप्पा पण आणि तुझी ती दोन पोरं पण, आणि ते एआय पण तसंच लिहितं. त्या क्रांतीचं नावच उरलं नाही कारण तिला नावाची गरजच राहिली नाही.

आता तू पलूसची, म्हणजे कुंडल तुझ्या दारात. लहानपणी शाळेनं तुला पत्री सरकारची गोष्ट सांगितलीच असणार. काय आठवतं तुला? गावगुंडांच्या पायाला पत्री ठोकली आणि शेणोलीला रेल्वे लुटली, हेच ना. मला पण शाळेत असताना हेच ठाऊक होतं. आता नीट बघ. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूजच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूजला गोळीबार झाला, माणसं गेली, मग लोक भूमिगत झाले आणि १९४३ पासून नाना पाटलांच्या नावानं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, सगळा साताराच. शेणोलीची रेल्वे ७ जून १९४३ ची. पण रेल्वे एका दिवसात लुटून होते गं. पुढं १९४६ पर्यंत त्यांनी जे चालवलं ते होतं न्यायदान मंडळ, गावोगाव बसून जमिनीचे, भाऊबंदकीचे तंटे मिटवायचे. दारूबंदी, वाचनालयं, हुंडा न घेता, बँड न लावता कमी खर्चातली गांधी लग्नं. हे सगळं कंटाळवाणं काम आहे. रोजचं. आणि लोकांच्या तोंडी नाव काय राहिलं तर पत्री सरकार!

आणि त्याच्याही पुढं बघ. कुंडलचे जी. डी. बापू लाड प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे, त्यांच्या नावानं आज कुंडलला साखर कारखाना आहे. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, त्यांनी हुतात्मा किसन अहिर कारखाना उभा केला. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाले, नंतर त्यांनी सांगलीत साखर कारखाना काढला आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. नाना पाटील स्वतः १९५७ मध्ये लोकसभेत गेले. बंदूक घेऊन उसात लपलेली माणसं नंतर त्याच उसाचा उतारा किती पडला, कर्ज किती थकलं, वार्षिक सभेत कोण काय बोललं यात आयुष्य घालवत होती. माझे मामा, वाळवा तालुक्यातले, वार्षिक सभेला जाऊन आले की हमखास म्हणायचे, कसली क्रांती आणि कसलं काय, चिटबॉयला, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, चहा पाजल्याशिवाय तोड मिळत नाही. बरोबरच होतं त्यांचं. आणि हे पण बरोबर की त्यांच्या वडलांना ऊस गुऱ्हाळाला घालावा लागायचा आणि सावकार दारात यायचा, मामांच्या दारात बिलाचा मेसेज येतो. दोन्ही एकाच वेळी खरं. तू जे सॉफ्टवेअर लिहितेस ना, ते त्या क्रांतीचं आजचं हिशोबाचं पान आहे, आणि गंमत म्हणजे तुला वाटतंय की तुझी अजाईलची क्रांती तेवढी वाया गेली.

तुझ्या अजाईलचं पण तसंच झालंय, लोकांनी पत्री लक्षात ठेवली आणि न्यायदान मंडळ विसरले. ११ ते १३ फेब्रुवारी २००१, अमेरिकेत युटामध्ये स्नोबर्ड म्हणून बर्फाचं ठिकाण, तिथं १७ जण जमले, एकही बाई नव्हती हे आपलं जाता जाता. चार ओळी लिहिल्या, प्रत्येकीत डावीकडं एक गोष्ट आणि उजवीकडं दुसरी, आणि मागून बारा तत्त्वं. त्या चार ओळींच्या खाली त्यांनी स्वच्छ लिहिलंय की उजवीकडच्या गोष्टींना पण किंमत आहे, आम्ही डावीकडच्यांना जास्त देतो एवढंच. म्हणजे प्लॅन, कागदपत्रं, करार हे फेकून द्या असं ते म्हणालेच नव्हते. ती खालची ओळ कुणी वाचतच नाही. चिठ्ठ्यांचा बोर्ड, उभं राहून मिटिंग, पॉइंट, हे त्या पानावर कुठंच नाही, जाऊन बघ. बरं, शत्रू कोण तर वॉटरफॉल, म्हणजे एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही ही पद्धत. तो ज्याच्या डोक्यावर थापतात तो विन्स्टन रॉइस, १९७० चा त्याचा पेपर, त्यात वॉटरफॉल हा शब्दच नाही, आणि एकामागून एक टप्प्यांचं चित्र काढून त्यानं लगेच खाली लिहिलंय की असं सरळसोट करणं धोक्याचं आहे. बिचारा. क्रांतीला राक्षस लागतो, मग जो सापडेल त्याला शिंगं लावायची. आप्पांना तू लावलीस तशी.

आणि अजाईलच्या आधीचं एक सांगते, ते तुला लागू आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, ज्यातून टेस्ट आधी लिहायची सवय एवढी पसरली, ते वाढलं कशात तर क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या सिस्टिममध्ये. पगार! म्हणजे तुझ्या उसाच्या बिलाचीच बहीण, कपाती, उचल, उरलेली रक्कम. केंट बेकनं १९९६ मध्ये ते हातात घेतलं, जगभर त्याचं नाव झालं, आणि २००० मध्ये कंपनीनं ते काम बंदच केलं. क्रांतीचं पहिलं लेकरूच गेलं आणि टेस्ट लिहायची सवय मात्र जगभर राहिली. २०१४ मध्ये त्या १७ मधला डेव्ह थॉमस जाहीर म्हणाला की अजाईल हा शब्द आता टाकून द्या, २०१८ मध्ये रॉन जेफ्रीज, तो पण त्याच १७ मधला, म्हणाला डेव्हलपरांनी अजाईलच्या नावानं चाललेलं हे सगळं सोडावं. तेव्हा तुला वैताग आला यात तू एकटी नाहीस, ज्यांनी पाळण्यात नाव ठेवलं त्यांना पण आलाय.

मग राहतं काय आणि जातं काय, हे कसं ओळखायचं? तुझा प्रश्न खरं तर हा आहे. मला यासाठी फ्रान्सचं उदाहरण फार आवडतं, आमच्या साताऱ्यात कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात चहा घे आधी, तर तू वाच. १७८९ च्या क्रांतीनंतर त्या लोकांनी सगळंच दहाच्या पटीत करायचं ठरवलं. मीटर, किलो, आणि कॅलेंडर पण, १७९३ मध्ये, आठवडा सात दिवसांचा नाही तर दहा दिवसांचा. बारा वर्षांत कॅलेंडर गुंडाळलं. मीटर-किलो राहिले, इतके राहिले की आपल्याकडं १९५६ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नये पैसे आले, आणि तुझ्या कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर चढतो तेव्हा जो मेट्रिक टनाचा आकडा पडतो तो सरळ त्या क्रांतीचा नातू आहे. माझी आजी जाईपर्यंत चार आणे, आठ आणेच म्हणायची, पण वाण्याशी हिशोब मात्र पैशात चोख.

कॅलेंडर का गेलं त्याची कारणं पुष्कळ आहेत, चर्चचा रविवार गेला म्हणून लोक चिडलेले होतेच, पण एक साधं कारण बघ, आधी सात दिवसांत एक सुट्टी मिळायची, आता दहात एक. कामगाराच्या पदरात काय पडलं तर तीन दिवसांचं जादा काम. आणि किलो का राहिला तर बाजारात त्याचा उपयोग होता, एका गावचं माप दुसऱ्या गावात चालत नव्हतं, किलो चालला. आता तुझ्या ऑफिसातली एकेक गोष्ट या काट्यावर चढव. स्टोरी पॉइंट कुणाच्या कामाला येतात? कारखान्याच्या शेती ऑफिसातल्या क्लार्कला? शेतकऱ्याला? तुम्हाला? मालकांना इन्क्रिमेंट कमी द्यायला येतात, बास. ते कॅलेंडर आहे, जाऊ दे. रोजची उभ्याची हजेरी पण कॅलेंडरच. पण थेट सर्व्हरवर जाऊन कोड बदलायचं बंद झालं, हे कुणी केलं? तू केलंस. आज कुठला बदल कुणी कधी केला ते काढता येतं ना? शेती ऑफिसच्या माणसाला दर दोन आठवड्यांनी स्क्रीन दाखवून विचारलं जातं ना? चार वर्षांपूर्वी नव्हतं ते. त्याला आता ऑफिसात कुणी अजाईल म्हणत नाही, नुसतं "असंच करतात" म्हणतात, म्हणून तुला ते दिसत नाहीये. तुझा किलो तो.

मालकांशी बोलताना हे क्रांती वगैरे काही काढू नको, आपल्याकडच्या मालकाला जाहीरनामा दाखवला की तो आधी खर्च किती विचारतो. एवढंच सांग की सर, पॉइंट पगाराला जोडल्यापासून सगळे आकडे फुगलेत, त्यामुळं काम कधी होणार ते तुम्हालाच खरं कळत नाही, हंगाम संपेपर्यंत पॉइंट बंद ठेवून बघू. त्यांना तारखा कळायला पाहिजेत, त्यावर ते ऐकतील. आणि ऐन हंगामात स्प्रिंटचा हट्ट सोड. बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली की काटा चोवीस तास चालतो, तेव्हा दोन आठवड्यांनी नवीन फीचर कुणाला हवंय? तेव्हा फक्त दुरुस्त्या. नवीन काम उन्हाळ्यात. असली वेळ बघून वाकणारी पद्धत म्हणजेच तर त्या पानावरचा अजाईल शब्द होता बाई, आपण त्याचं दर सोमवारचं व्रत करून टाकलं.

आता पोरांचं. त्यांच्यावर चिडू नको, चार वर्षांपूर्वीची तूच आहेस ती, फक्त दोन तुकड्यांत. ते जे करतात त्याला व्हाइब कोडिंग म्हणतात, एआयला सांगत जायचं आणि तो देईल तो कोड न वाचताच घ्यायचा. हा शब्द एआयवर काम करणाऱ्या आंद्रे कार्पाथीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये काढला, तेव्हा त्यानं स्वतःच लिहिलं होतं की शनिवार-रविवारच्या, वापरून फेकायच्या कामाला हे बरं आहे. बघ परत तेच! डाइक्स्ट्राचा साधा मथळा, रॉइसची खालची ओळ, जाहीरनाम्याची खालची ओळ, आणि आता हे. पहिला माणूस सांभाळून बोलतो आणि मागचे ती सांभाळलेली ओळच तेवढी गाळून पुढं पळतात. पण ती पोरं पूर्ण चूक आहेत असं समजू नको. हे हत्यार राहणार आहे, किती आणि कशात ते ठरायचंय. वेड वाटलेली गोष्ट कशी राहते बघ, १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमननं जाहीर केलं की सॉफ्टवेअर मोकळं पाहिजे, म्हणजे कुणालाही ते बघता, बदलता यावं, लोक त्याला वेडा म्हणायचे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा बॉस स्टीव्ह बॉमर लिनक्सला कॅन्सर म्हणाला होता, आणि २०१८ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब घेतलं, जिथं ते सगळं मोकळं सॉफ्टवेअर राहतं. स्टॉलमन जिंकला का हरला? मला अजून ठरवता येत नाही, आणि तुझ्या कारखान्याचा सर्व्हर लिनक्सवर असेल तर तो माझ्या ठरवण्यासाठी थांबलेला नाही.

म्हणून पोरांना मोकळं रान दे, पण कुंपण घालून. रिपोर्ट, चार्ट, शेतकऱ्याच्या मोबाइलवरची स्क्रीन, हे एआयकडून काढू देत, बिघडलं तर फार तर लाज जाईल. बिलाच्या हिशोबाला हात लावायचा तर आधी टेस्ट पास झाल्या पाहिजेत, मग कोड माणसानं लिहिलेला असो का मशिननं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची, नाही दिली तर वर्षाला १५ टक्के व्याज. तिथं एक दिवस चुकीचा मोजला तर वीस हजार शेतकऱ्यांच्या बिलात चूक, आणि मग ते सांगलीत मोर्चा घेऊन येतात तेव्हा त्यांना कुणाचं मॉडेल आउटडेटेड आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

पण टेस्ट लिहायच्या कशावरून? तू म्हणशील आहेत की आमच्या टेस्ट. असतील, चांगल्या सरळ बिलांच्या. सोसायटीचं कर्ज आधी कापायचं का तोडणीची उचल आधी, एकाच गटावर दोन भावांची नावं असली आणि त्यातला एक वारला असला तर, वजन पडलं रात्री अकरा पन्नासला आणि पावती निघाली बारा वाजून गेल्यावर, जळिताच्या उसाची कपात, मध्येच ट्रॅक्टर बदलला तर वाहतूक कुणाच्या नावावर. हे कुठं लिहिलेलं नाहीये. हे आप्पांच्या डोक्यात आहे आणि टेबलाखालच्या त्या मशीनमध्ये आहे.

इथं मला तुझं पत्र परत वाचावं लागलं. तू लिहिलंस की आप्पा दर पंधरवड्याला तुमची बिलं जुन्या फॉक्सप्रोत चोरून ताळून बघतात, इतका अविश्वास. अगं, हे काय आहे माहितीये का तुला? एकच काम दोन वेगळ्या सिस्टिमला द्यायचं आणि उत्तरं जुळतात का बघायचं, याला पुण्यात मोठ्या कंपन्या पॅरलल रन म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम ठेवतात. तुम्ही चौदा जण चार वर्षं बोर्डवर चिठ्ठ्या डकवत होता आणि ऑफिसातलं सगळ्यात खरं टेस्टिंग एक माणूस टेबलाखाली, न सांगता, तू अपमान केल्यावर पण, करत होता. मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्येच बंद केला. ते मशीन कधी बसेल सांगता येत नाही. आणि एक विचार, इतक्या पंधरवड्यांत त्यांना एकदा तरी फरक सापडला असेल, तो त्यांनी काय केला? कुणाला सांगितला? का गुपचूप दुरुस्त करून टाकला? मला वाटतं तुला हे माहीत नाही, आणि मालकांना पण नाही.

तेव्हा बाजूबिजू कुणाची घेऊ नको आत्ता. दसऱ्यानंतर तुमचा हंगाम लागेल, त्याच्या आधी हातात महिनाभर आहे. राजीनामा द्यायचाच असेल तर हंगाम उरकल्यावर मार्च-एप्रिलमध्ये दे, पगार वाढला नाही म्हणून दे, पुण्यात चांगलं काम मिळालं म्हणून दे, माझी ना नाही. क्रांती फसली म्हणून देऊ नको, ती फसलेली नाही आणि ती एकट्या तुझी पण नव्हती.

या आठवड्यात एकच काम कर. संध्याकाळी सगळे गेले की आप्पांच्या टेबलापाशी जा. "तुमचा काळ गेला" याची माफी मागायला जायचं असेल तर भाषण नको करू, त्या पिढीच्या माणसाला समोरासमोर माफी मागितलेली झेपत नाही, आमच्या कोबॉलवाल्या बाईंना मी मागायला गेले तर त्या डबा उघडून मला लाडू देत बसल्या. लॅपटॉप नेऊ नको, वही ने. त्यांना विचार, आप्पा, आजपर्यंतची सगळ्यात विचित्र दहा बिलं कुठली? ती लिहून घे, शेतकऱ्याचं नाव नको, फक्त आकडे आणि घोळ. दहाच्या चाळीस होतील, होऊ दे. दुसऱ्या दिवशी त्या पोरांना सोबत बसव, त्यांच्या एआयकडून त्या चाळीसच्या टेस्ट लिहून घेऊ दे, ते काम त्याला फार छान जमतं, आणि आप्पांना शेजारी खुर्ची दे म्हणजे चुकलेली टेस्ट ते तिथल्या तिथं पकडतील.

आणि ते मशीन टेबलाखालून वर काढा. त्याला वाकून चालू करायला लागतं म्हणजे आप्पांच्या कंबरेचं काय होत असेल.